पैठणीचं निष्क्रिय खातं

ज्या खात्यावर दोन वर्षं देवघेव होत नाही, त्याला आम्ही बँकवाले 'निष्क्रिय' म्हणतो. दहा वर्षं उलटली की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण खातेदार जागा झाला, तर पैसे परत मिळतात. मराठी मध्यमवर्गाच्या कपाटात मात्र असं एक खातं असतं, की ज्यातलं मुद्दलच पडल्या पडल्या गळून जातं. त्या खात्याचं नाव पैठणी.

माझा आरोप सरळ आहे. आपल्या घरोघरच्या पैठण्या कसरीने खाल्ल्या नाहीत, उंदरांनी कुरतडल्या नाहीत. त्या आपण जपून जपून मारल्या.

आरोपी नंबर एक, अस्मादिक. आजीची नऊवारी पैठणी आमच्या निगडीच्या घरी आली, तेव्हा मी कॉमर्सच्या पदवीला शोभेलसा बंदोबस्त केला. प्लास्टिकची पिशवी, आत चार डांबरगोळ्या, तोंड सुतळीने आवळलेलं, वर तीन ब्लँकेटं आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या कपाटात! "चांगल्या प्रसंगाला काढू," हे धोरण. पुढच्या अकरा वर्षांत दोन लग्नं, एक मुंज आणि एक वास्तुशांत झाली; चांगला प्रसंग तेवढा आला नाही. लग्नात रस्सा सांडेल, मुंजीला गर्दी, वास्तुशांतीला होमाच्या ठिणग्या. आई दर वेळी कपाटाकडे बघायची आणि मुकाट्याने सिंथेटिक नेसायची.

भाचीच्या लग्नाला मात्र ती म्हणाली, "आता काय वर गेल्यावर नेसू?"

पिशवी सोडली. काठ काळवंडलेले, आणि घडीच्या रेषेवर पट्टीने आखल्यासारखी वीतभर चीर. आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती वर्षानुवर्षं एकाच जागी मोडून ठेवली, तर तुटणार नाही तर काय? चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, आणि डांबरगोळी तर जरीला लागूच द्यायची नसते. म्हणजे मी एकही चूक करायची ठेवली नव्हती.

"वापरली तर झिजेल हो!" असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या शेजाऱ्यांकडे पाठवतो. ते चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. ते म्हणाले, "अहो, स्टोअरमध्ये पडलेल्या मोटरचासुद्धा शाफ्ट आम्ही अधूनमधून हाताने फिरवतो. नाहीतर बेअरिंग एकाच जागी दबून खराब होतं. तुम्ही अकरा वर्षं घडीसुद्धा फिरवली नाही?" आजीच्या रोजच्या लुगड्यांची गोधडी आम्ही चाळीस वर्षं पांघरतो आहोत, ती अजून धडधाकट आहे. ती सुती, तिला साबण चालतो, पैठणीला चालत नाही, हे मान्य. पण मान तरी पैठणीला काय मिळाला? कोंडून घालण्याचा! (पैठणी काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगणारे तर माझ्याही वरचे गुन्हेगार. उजेडाने तिचा रंग उडतो तो वेगळाच.)

आता आमची पैठणी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती धोतरात असते. बँक बचत खात्यावर दर तिमाहीला व्याज जमा करते. त्याच सुमारास मी तिला सावलीत वारा देतो आणि घडी बदलतो. फक्त मार्चअखेरीला हे काम सौ. करते. त्या दिवसांत मला घरचे लोक ओळखत नाहीत.

चिरेला रफूवाल्याने मागून मलमलीचा तुकडा लावून आधार दिला. ती निऱ्यांत लपली. चाकण रस्त्यावरच्या कार्यालयात आई पैठणी नेसून मिरवली. सौ. मागोमाग कोरडा रुमाल घेऊन फिरत होती. तरी व्हायचं ते झालंच. मठ्ठ्याचा ओघळ पदरावर आला. मी किंचाळलो, "चोळू नका! नुसतं टिपा!"

आईने शांतपणे पदराचं दुसरं टोक उलगडून मला दाखवलं. तिथे एक जुना, पिवळट डाग होता.

"हा तुझ्या बारशाचा," ती म्हणाली. "सासूबाई हीच नेसल्या होत्या. तू मांडीवर होतास."