गाण्याच्या यादीतलं चौथं नाव

आकाशवाणीवर भावगीत लागण्याआधी निवेदक तीन नावं सांगतो: गीतकार, संगीतकार आणि गायक. ही सवय मराठी कानांत मुरली आहे. ‘गीतरामायण’ म्हटलं की गदिमा आणि बाबूजी एका दमात आठवतात. पुढे गाणं टीव्हीवर आलं, मोबाइलवर आलं, ऐकण्याइतकंच बघण्याचं झालं. त्याचं चित्र रचणाऱ्या चौथ्या माणसाचं नाव मात्र या यादीत अजून आलेलं नाही.

1995 चं ‘मेड इन इंडिया’ घ्या. राजकन्येच्या वेशातली अलिशा चिनॉय, तिच्यासाठी आलेले नाना देशींचे वर आणि शेवटी लाकडी खोक्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही हे आजही जसंच्या तसं आठवेल. पण ते दिग्दर्शित कुणी केलं? केन घोष हे उत्तर फार थोड्यांना देता येईल.

म्युझिक व्हिडिओ म्हणजे गायकाच्या भोवती फिरवलेला कॅमेरा, असा समज यामागे आहे. इतिहास तसं सांगत नाही. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, याच्या ‘क्वीन’ बँडचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ 1975 मध्ये चित्रित झालं, तेही जेमतेम चार तासांत. अंधारातून वर बघणारे चार चेहरे एकाचे अनेक होत जातात. संगणकाची मदत नव्हती. दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स यांनी काही दृश्यांत कॅमेऱ्यापुढे लोलक धरला. काही दृश्यांत कॅमेरा थेट त्याचंच चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर रोखला, त्यामुळे चेहऱ्यामागे चेहऱ्यांची रांग उमटत गेली.

त्याहून बोलकं उदाहरण नॉर्वेच्या ‘अ-हा’ बँडचं. ‘टेक ऑन मी’ 1984 मध्ये एकदा येऊन पडलं होतं. गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित झालं आणि स्टीव्ह बॅरन यांनी नवा व्हिडिओ केला. कॅफेत चित्रकथा वाचत बसलेली मुलगी, पानातून बाहेर येणारा पेन्सिलीने रेखाटलेला हात आणि तो धरून तिचं थेट चित्रात शिरणं. त्यासाठी सुमारे 3,000 चौकटी हाताने रेखाटाव्या लागल्या. 1985 मध्ये हेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. या यशातला चित्रकारांचा आणि दिग्दर्शकाचा वाटा कुणी नाकारू शकेल का?

1 ऑगस्ट 1981 रोजी सुरू झालेल्या एमटीव्हीने हे ओळखायला अकरा वर्षं घेतली. पडद्याच्या कोपऱ्यात गायक, गाणं, अल्बम आणि कंपनी यांची नावं येत. 1992 च्या अखेरीस त्यांत दिग्दर्शकाचं नाव जोडलं गेलं. एका ओळीचीच भर, पण प्रेक्षक दिग्दर्शकाची शैली ओळखू लागले. स्पाइक जोन्झ आणि मिशेल गोंद्री यांचं नाव सिनेमात येण्याआधी इथेच झालं. आपल्याकडेही शुभा मुद्गल यांच्या ‘अब के सावन’चे दिग्दर्शक प्रदीप सरकार पुढे ‘परिणीता’पर्यंत गेले. केन घोष यांनी ‘इश्क विश्क’ केला. म्युझिक व्हिडिओ ही दिग्दर्शकांची तालीम होती, हे यावरून कळतं.

यूट्यूब आलं आणि ती कोपऱ्यातली ओळ प्रेक्षकांच्या नजरेआड झाली. आता शीर्षकात गाणं, गायक, कलाकार आणि कंपनी असते. दिग्दर्शक, छायालेखक, नृत्यदिग्दर्शक आणि संकलक खालच्या वर्णनात असतात, तेही असले तर. कायदाही त्यांच्या बाजूने नाही. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. चित्रपट किंवा चित्रफितीचा ‘कर्ता’ मात्र कॉपीराइट कायद्याच्या लेखी आजही निर्माताच आहे.

व्हिडिओ ही गाण्याची जाहिरात, आणि जाहिरातीत दिग्दर्शकाचं नाव कधी असतं, असा युक्तिवाद कंपन्या करू शकतील. पण जाहिरात मोसमापुरती असते. मायकेल जॅक्सनचं ‘थ्रिलर’ 1983 चं. जॉन लँडिस यांनी दिग्दर्शित केलेली ही सुमारे चौदा मिनिटांची फीत 2009 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी दाखल झाली. जे पिढ्यान् पिढ्या बघितलं जातं, त्याला जाहिरात म्हणून बाजूला सारता येत नाही.

मराठीत आज स्वतंत्र गाण्यांचे व्हिडिओ सतत येत आहेत. कोळीवाड्यात, घाटात, वाड्याच्या चौकात, थोड्या पैशांत आणि एक-दोन दिवसांत तरुण मुलं ते चित्रित करतात. संगीत कंपन्यांनी आणि वाहिन्यांनी एवढंच करावं: पहिल्या दहा सेकंदांत, पडद्यावर, वाचता येईल अशा अक्षरांत या मुलांची नावं द्यावीत. त्याला पैसा लागत नाही. आणि प्रेक्षकांनी आवडलेलं गाणं पुढे पाठवताना गायकाबरोबर दिग्दर्शकाचंही नाव लिहावं.