न फोडता आतले पाहावे

मैत्रिणींनो, दिवाळीत सासरी अवसरी बुद्रुकला गेले होते. धाकट्याने शेताच्या बांधावरून मुठीएवढी गार आणली आणि "आई, हिच्या आत काय असेल गं?" म्हणत थेट वरवंटाच उचलला. मी हात धरला. नारळ फोडून पाहावा, पण दगड एकदा फुटला की फुटला!

मग त्याला सांगितलं, तेच तुम्हांलाही सांगते. नागपूर-छिंदवाड्याकडे काळ्या कातळाच्या थरांमध्ये गारेसारख्या कठीण दगडाचे थर आढळतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक लोट थंडावला की त्यावर तळी साचत, झाडे उगवत. तळ्यात पडलेल्या फळांत सिलिका विरघळलेले पाणी मुरले. मोरावळ्यात पाक मुरतो ना, अगदी तसे. आकार न मोडता फळाचा दगड झाला.

पूर्वी आत पाहायचे तर दगड कापून चकत्या कराव्या लागत. करवतीखाली गेले ते कायमचेच गेले. आता मायक्रो-सीटी आले आहे. दवाखान्यात सीटी स्कॅनचे यंत्र माणसाभोवती फिरते. इथे दगडच गोल फिरवतात, हरएक कोनातून क्ष-किरण चित्रे घेतात आणि संगणक ती जुळवून अख्खे फळ दाखवतो. मध्य भारतातल्या अशा एका फळाचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. भंडाऱ्याचे प्राध्यापक दशरथ कापगते त्यात होते. फळ निघाले चक्क आपल्या ताडगोळ्याच्या गोतातले! मात्र फळही गारेचे नि भोवतालही गारेचा, त्यामुळे क्ष-किरणांना कधी फरकच कळत नाही. मग करवत लागतेच, बरं का.

त्या करवतीच्या काळात डॉ. श्यामला चितळे यांनी नागपूरला हेच दगड अभ्यासले. पुढे अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात त्यांनी काम केले. 2013 साली द्राक्षाच्या कुळातल्या एका दगडी फळाला 'इंडोव्हायटिस चितळेई' असे त्यांचे नाव मिळाले. ऐकून ऊर भरून आला.

आपल्या भागातल्या गारा बहुतेक कातळाच्या पोकळीत तयार झालेल्या. त्यात फळ मिळेल अशी आशा नको. तरी मुलांनी काही वेगळा दगड आणला, तर फोडू देऊ नका नि फेकूही नका. कागदात गुंडाळा, कुठे नि कधी सापडला ते चिठ्ठीवर लिहा आणि कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. ठिकाण ठाऊक नसलेल्या दगडाचा अभ्यासाला फारसा उपयोग नाही.

आमची गार चिठ्ठीसकट कपाटात आहे. वरवंटा पाट्यावर परत गेला.