छिद्र कुठे संपते?

खडकाच्या सूक्ष्म प्रतिमेवरून काढलेली सच्छिद्रता दशांश चिन्हापुढच्या एका अंकापर्यंत छापली जाते. कधी दोन अंकांपर्यंतही. हा आकडा निघण्याआधी कोणीतरी एक रेषा आखलेली असते. ती नेमकी कुठे आखली, हे मात्र अनेक अहवालांत शोधूनही सापडत नाही. आक्षेप आहे तो एवढ्यावरच.

काही मिलिमीटर जाडीचा तुकडा सूक्ष्म सीटी यंत्रात फिरतो, क्ष-किरण त्याच्या आरपार जातात आणि संगणक त्याचे त्रिमितीय चित्र रचतो. हे चित्र काळे-पांढरे नसते, राखाडी असते. त्यातल्या प्रत्येक घनबिंदूला, म्हणजे व्हॉक्सेलला, उदाहरणार्थ 0 ते 255 पैकी एक छटा मिळते. पोकळी गडद, खनिज फिकट. पण छिद्राच्या काठावरच्या व्हॉक्सेलमध्ये थोडी पोकळी असते आणि थोडे क्वार्ट्‌झ. यंत्र दोहोंची सरासरी दाखवते. मग ठरवावे लागते की अमुक छटेच्या खालचे सारे छिद्र आणि वरचा सारा दगड. हा थ्रेशोल्ड. तो ओत्सू यांच्या 1979च्या पद्धतीने संगणकाकडून काढून घेतला, तरी ती पद्धत निवडतो माणूसच. त्याआधी चित्र किती गुळगुळीत करायचे, हेही त्यानेच ठरवलेले असते.

दोन-चार छटा इकडे-तिकडे झाल्याने काय बिघडते? सच्छिद्रतेपुरते कदाचित फारसे नाही. पण तेल किंवा पाणी पुढे सरकते ते दोन छिद्रांना जोडणाऱ्या अरुंद वाटेतून, आणि गोल नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. वाट चार व्हॉक्सेल रुंद आहे असे धरा. दोन्ही काठांचा एकेक व्हॉक्सेल दगडाच्या खात्यात गेला की रुंदी निम्मी होते आणि प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. आणखी एकेक गेला की वाटच बंद. खडक तोच, चित्र तेच. कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली कोंडण्याच्या योजनांतही अशा गणितांचा आधार घेतला जातो. तेव्हा ही बाब निव्वळ प्रयोगशाळेपुरती राहत नाही.

ही विभागणी माणसागणिक बदलते का, याची पडताळणी 2013 मध्ये झाली. बेरिया वालुकाश्म आणि एक कार्बोनेट खडक, यांची तीच चित्रे वेगवेगळ्या गटांनी आपापल्या पद्धतीने छिद्र आणि दगडात विभागली. उत्तरे एकसारखी आली नाहीत. ही मंडळी या क्षेत्रातली जाणकार होती. म्हणजे दोष हलगर्जीपणाचा नव्हता, तो या कामातच आहे. त्यांनी तो सर्वांसमोर मांडला, हे त्यांचे मोठे काम.

चुनखडकात हा पेच अधिकच घट्ट होतो. मुंबई हायचे मुख्य साठे चुनखडकातलेच, म्हणून आपल्याला तो दूरचा नाही. चुनखडकातली कितीतरी छिद्रे एका मायक्रॉनहूनही बारीक असतात, व्हॉक्सेलपेक्षा लहान. अशा ठिकाणी अख्खा व्हॉक्सेलच अर्धा दगड आणि अर्धी पोकळी असतो. त्याला छिद्र म्हटले तरी चूक, दगड म्हटले तरी चूक.

यावर ठरलेले उत्तर येते: आम्ही त्याच खडकाची सच्छिद्रता हेलियम वायूने मोजतो आणि चित्राचा आकडा तिच्याशी जुळेपर्यंत थ्रेशोल्ड सरकवतो. हे उत्तर पटण्यासारखे नाही. हेलियम बारीक छिद्रांतही शिरतो. ती छिद्रे चित्रात दिसत नाहीत, म्हणून त्यांची भरपाई दिसणारी छिद्रे फुगवून केली जाते. सच्छिद्रता जुळते खरी, पण वाटा नसलेल्या रुंदीच्या होतात आणि पार्यता, म्हणजे खडकाची द्रव वाहू देण्याची क्षमता, वाढलेली दिसते. शिवाय जो आकडा प्रयोगशाळेतून घेऊन चित्रात घातला, तोच पुढे चित्र विश्वासार्ह असल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. याला पडताळणी म्हणता येणार नाही.

सूक्ष्म प्रतिमांमुळे खडकाच्या आतली रचना, तो न फोडता, प्रथमच इतकी स्पष्ट दिसू लागली. हे तंत्र मौल्यवान आहे, म्हणूनच त्याचा आकडा असा उघडा सोडणे खटकते. थ्रेशोल्ड छापा. तो चार छटा वर आणि चार छटा खाली नेल्यावर सच्छिद्रता आणि पार्यता किती होते, तेही शेजारच्या रकान्यात द्या. हे गणित संगणकच करतो, त्याला नवा नमुना लागत नाही. आणि विभागणीपूर्वीचे राखाडी चित्र इतरांना तपासता येईल असे ठेवा. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचे डिजिटल रॉक्स पोर्टल (आता डिजिटल पोरस मीडिया पोर्टल) त्यासाठीच आहे. शोधनिबंध तपासणाऱ्यांनी आणि तेल कंपन्यांत असे अहवाल स्वीकारणाऱ्यांनी या तीन गोष्टी नसतील तर कागद परत पाठवावा.