उधाणापुढे एकटा वाण

रायगडच्या खारपट्ट्यात भात उभे राहते ते पावसाच्या जिवावर. जून-जुलैच्या सरी मातीतला क्षार धुतात, बांधातल्या उघाडीच्या दारातून तो खाडीत जातो आणि तेवढ्या अवधीत रोप मूळ धरते. पेण-अलिबागचा शेतकरी मोड आलेले बी चिखलात फेकून रहू करतो, तो याच हिशेबाने.

भात रुजताना आणि फुटवे धरताना मीठ बऱ्यापैकी सोसते. रोप कोवळे असताना आणि पुढे फुलोऱ्यात मात्र ते सोसत नाही. मुळांना पाणी ओढता येत नाही, पालाशाच्या जागी सोडियम पानांत शिरते, शेंडे करपतात, लोंब्या पोचट राहतात. मातीची विद्युतवाहकता 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की दर एककामागे भाताचे उत्पन्न साधारण 12 टक्क्यांनी घटते. सातूला 8 पर्यंत फारशी झळ लागत नाही. त्यात पाऊस ओसरला की क्षार पुन्हा वर चढतो आणि नेमका तेव्हाच उशिरा पेरलेला भात फुलोऱ्यात असतो.

काळा राता, भुरा राता हे क्षार सोसणारे जुने वाण या मातीने आणि शेतकऱ्याने मिळून निवडले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-1, पनवेल-2 आणि पनवेल-3 दिले. हे काम मोलाचे आहे. पण समुद्राच्या पाण्याची वाहकता 50 च्या आसपास असते. बांधाला खांड पडून उधाण शेतात शिरले, तर यातला कोणता वाण तग धरणार?

खारबंदिस्ती पूर्वी गावकी राखत असे. 1979 च्या खारभूमी विकास कायद्यानंतर योजनांचे बांध सरकारच्या अंगावर आले. बांध जलसंपदा खात्याकडे, बियाणे कृषी खात्याकडे, आणि दोन्हींची गाठ पडते ती शेतकऱ्याच्या बुडालेल्या शेतात. खांड वर्षानुवर्षे बुजत नाही, शेतात कांदळवन उगवते आणि मग कायद्याने त्याला हातही लावता येत नाही. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, जमीन खाडीची! बियाण्याचे अनुदान जाहीर करून या नुकसानीची भरपाई होत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो.

खांडी मे महिन्याच्या आत बुजवाव्यात, उघाड्यांची दारे तपासावीत, आणि ज्या गावचा बांध धड आहे तिथे मातीची वाहकता मोजून त्याच महिन्यात क्षारसहनशील बियाणे पोचवावे. दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी त्यासाठी एकत्र बांधावर यावे, तेही उधाणाच्या दिवशी.