शेगडी शेडच्या बाहेरच बरी

आपल्या शेतकरी घरांतून आता ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा माल वाहणारी लहान गाडी असे काहीतरी असतेच. दिवस शेतात जातो, म्हणून त्यांची दुरुस्ती घराशेजारच्या शेडमध्ये रात्री किंवा भल्या पहाटे होते. नाताळच्या सुमारास पत्र्याची शेड गार पडते, शहाबादी फरशीला पाठ टेकवत नाही, बोटे आखडतात आणि पान्हा निसटतो. मग कोणीतरी घमेल्यात निखारे आणून ठेवतो आणि वारा लागू नये म्हणून शटर खाली ओढून घेतो. ही सवय आपण सोडलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम आपली थंडी केवढी ते पाहू. हैदराबाद शहरातील नोंदलेले सर्वांत कमी तापमान ६.१ अंश सेल्सियस आहे आणि ती नोंद ८ जानेवारी १९४६ ची. एरवी डिसेंबर-जानेवारीतील रात्रीचे तापमान साधारण १५ अंशांच्या आसपास असते. मोकळ्या शिवारात ते आणखी उतरते हे खरे. परंतु बंद खोलीत आग पेटवून बसावे असा हा गारठा नव्हे.

निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर गेला, कोळसा लालबुंद झाला, म्हणजे धोका टळला असे आपण समजतो. पण हा वायू तेव्हाही निघतच असतो. रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके जड होते, मळमळते, चक्कर येते, गुंगी येते. माणसाला वाटते, पित्त झाले किंवा जागरण बाधले. एकाच शेडमधील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर ते पित्त नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

गॅसच्या हीटरनेही हेच होते. जानेवारी २०२० मध्ये केरळातील दोन कुटुंबे नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी मुक्कामास होती. खोली बंद करून रात्री गॅसचा हीटर लावला होता. सकाळी चार मुलांसह आठही जण बेशुद्ध सापडले आणि कोणीही वाचले नाही.

यावर वडीलधारी मंडळी म्हणतील, "आम्ही जन्मभर शेगडीपाशीच कामे केली, आम्हाला काय झाले?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्यांचे छप्पर गवताचे वा कौलाचे होते, भिंतीला तट्ट्या होत्या, आणि वारा चहूबाजूंनी खेळत होता. आज आपण फटी बुजवतो, सिमेंटची भिंत घालतो, शटर बसवतो. शेड जितकी चांगली बंद होते, तितका वायू आत साठतो. म्हणून ज्याने शेड ऊबदार बांधली, त्याने तर शेगडी मुळीच आत आणू नये.

मग करावे काय? शेड तापवण्यापेक्षा माणसाला ऊब द्यावी. शक्य तेवढे काम दुपारी करावे. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेला आठ फूट उंचीचे दार ठेवले, तर ऊन सुमारे सात फूट आत येते. मे महिन्याच्या दुपारी सूर्य डोक्यावर असल्याने तेच दार उन्हाचा त्रास देत नाही. उत्तर व पूर्वेच्या भिंतीतील वारा येणाऱ्या फटी बुजवाव्यात. मात्र समोरासमोरच्या भिंतींत एक झरोका जमिनीलगत व एक छताजवळ कायम उघडा असावा. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या मातीने लिंपून बसवाव्यात. थर्मोकोल किंवा कडबा वापरू नये. वेल्डिंगची एक ठिणगी पुरते. गाडीखाली निजताना फळी आणि तिच्यावर पोते घालावे. कानटोपी व स्वेटर घालावा. शेगडी अंगणात पेटवावी, तिथे हात शेकावेत आणि पुन्हा कामाला लागावे.

इंजिन चालू करून पाहायचे तर गाडी बाहेर ढकलावी. गार इंजिन सुरुवातीला हा वायू अधिकच सोडते. पेट्रोलने भाग धुवायचे कामही उघड्यावरच करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या निखाऱ्यावरही पेट घेते. विजेच्या हीटरची तापलेली तारही तिला पेटवू शकते. शिवाय २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. दिव्या-पंख्याच्या साध्या प्लगला तो भार झेपत नाही.

शेडमध्ये कोणी गुंगीत पडलेला दिसला, तर आधी दार सताड उघडावे, श्वास रोखून त्याला मोकळ्या हवेत ओढावे आणि १०८ ला फोन करावा. डॉक्टरांना शेगडीविषयी आवर्जून सांगावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. या विषबाधेत तो आकडा फसवा, चांगलाच दाखवतो.

गाडी एक दिवस उशिरा दुरुस्त झाली, तर पेरणी बुडत नाही. घरातला राबता हात गेला, तर तो कोणत्याही बाजारात मिळत नाही. तेव्हा आज संध्याकाळीच आपल्या शेडमधील घमेले बाहेर काढावे आणि शेजाऱ्यालाही तसे सांगावे.