एकच रस्ता, दोन शर्यती

डिसेंबर-जानेवारीत रसायनी, मोहोपाडा, चौक, कर्जत या पट्ट्यात फिरलात तर कुठल्यातरी नाक्यावर एक फ्लेक्स हमखास दिसतो. वर मान्यवरांचे फोटो, खाली इंटरनेटवरून उचललेली धावणाऱ्या माणसाची आकृती आणि मध्ये ठळक अक्षरांत ‘भव्य मॅरेथॉन’. जवळ जाऊन वाचलं की कळतं, अंतर आहे पाच किंवा दहा किलोमीटर! खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये हे अंतर धावले आणि मग त्या १९५ मीटरचं शेपूट कायमचं चिकटलं. पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या मशीनवर काढली तरी ती झेरॉक्सच असते, तशी पळायची कुठलीही स्पर्धा ही मॅरेथॉनच. त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. भांडायचंच असेल तर दुसरा मुद्दा आहे.

या छोट्या स्पर्धेत एकाच वेळी, एकाच रस्त्यावर दोन वेगळ्या शर्यती चाललेल्या असतात. एक हौसेची, दुसरी नोकरीची. पहिल्या शर्यतीतल्यांना हवं ते बहुतेक वेळा मिळतं. दुसऱ्या शर्यतीतल्यांना मिळतं ते पुढे कुठे चालतच नाही.

गेल्या हिवाळ्यात रसायनीजवळ अशाच एका दहा किलोमीटरच्या स्पर्धेला मी वही घेऊन गेले होते. (धावायला नाही, त्याबाबतीत अपेक्षा ठेवू नका.) सहाच्या आधी अंधारात पार्किंगमध्ये नजर टाकली तरी दोन्ही शर्यती ओळखू येत होत्या. एका बाजूला पनवेल, खारघर, पुण्याकडून आलेल्या गाड्या. मनगटावर जीपीएसचं घड्याळ, पायात दहा-बारा हजारांचे शूज, वॉर्मअप करतानाच निम्मे फोटो काढून झालेले. दुसऱ्या बाजूला एक टेम्पो. त्यातून एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली वीस-पंचवीस मुलं उतरली. पाठीवर भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकॅडमीचं नाव. काहींच्या पायात कॅनव्हासचे बूट, काही सरळ अनवाणी.

शहरातून आलेल्यांचे अनुभव ऐकायला मजा येते, कारण ते खरंच खूश असतात. मुंबईच्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये स्टार्ट लाइनपर्यंत पोहोचायलाच गर्दीतून सरकावं लागतं, इथे गन वाजली की धावता येतं. फी त्या मानाने कमी. समोर प्रबळगड, दुसरीकडे माणिकगड, थंडीत पाताळगंगेवर धुक्याची पट्टी. (ही नदी उन्हाळ्यातही वाहते, कारण खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारं पाणी १९१५ पासून तिच्यात येतं. या भागात कारखाने आले त्यामागेही हेच पाणी आहे.) रस्त्याच्या कडेला शाळेची मुलं ढोल-ताशा घेऊन उभी. शेवटी मेडल, कांदेपोहे, चहा. एका मध्यमवयीन काकांनी मला ऐकवलं की त्यांच्या कपाटात मोठ्या शर्यतींची डझनभर मेडल्स आहेत, पण फिनिशनंतर कुणी आपुलकीने पोह्यांवर जास्तीचं खोबरं घातलं ते इथेच. परत जाताना आपट्याच्या स्टेशनवर फोटो काढायचा बेतही होताच. ‘डीडीएलजे’चा शेवट तिथे शूट झालाय ना!

तक्रारी नव्हत्या असं नाही. एमआयडीसीच्या रस्त्यावर वाहतूक पूर्ण बंद नव्हती, त्यामुळे मध्येच टँकर. वारा फिरला की नाकात तो ओळखीचा रासायनिक वास. इथे राहणाऱ्यांना तो जाणवतही नाही, पण जोरजोरात श्वास घेत धावणाऱ्याला जाणवतो. शिवाय बायकांसाठी कपडे बदलायला जागा नाही, टॉयलेट म्हणजे जवळच्या शाळेचं, आणि त्याची किल्ली शिपाईकाकांकडे. ही तक्रार मी दोन्ही शर्यतींतल्या मुलींकडून ऐकली. त्या एका बाबतीत तरी भेदभाव नव्हता!

आता टेम्पोतली मुलं. त्यांना समजून घ्यायचं तर आधी रसायनी समजून घ्यावी लागते. या गावाचं नावच रसायनांवरून पडलंय. १९६० मध्ये हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना इथे उभा राहिला आणि कंपनीची नोकरी, कॉलनीतलं घर, मुलांची शाळा हा एक भरवशाचा रस्ता तयार झाला. २०१७ च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने इथले तोट्यातले प्लांट बंद करायला मंजुरी दिली. रॉकेटचं इंधन जाळायला लागणारं रसायन बनवणारा एक प्लांट तेवढा इस्रोकडे गेला. पाताळगंगेच्या एमआयडीसीत आजही भोंगे वाजतात, कामं आहेत, पण पोराटोरांच्या वाट्याला येतात ती बहुतेक कंत्राटी. मग ‘पर्मनंट’ या शब्दासाठी उरतं काय? पोलीस भरती. आर्मी म्हणावं तर तिथेही जून २०२२ पासून अग्निपथ आलं. चार वर्षांची नोकरी, आणि त्यानंतर पुढे कायम होणार जास्तीत जास्त चारातला एक.

पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला २० गुण. उरलेले १०० मीटर आणि गोळाफेकीचे. सेकंदावर गुण कापले जातात. म्हणून कर्जत-खालापूरच्या कुठल्याही गावात पहाटे साडेचारला रस्त्यावर कुत्र्यांच्या आधी ही मुलं असतात. त्यांच्यासाठी रविवारची मॅरेथॉन म्हणजे फुकटचा सराव. नंबर मिळाला छातीला, पाणी मिळालं, आणि लागलाच हात तर बक्षीस.

इथेच पहिला घोळ होतो. सरावाची सगळी सवय १६०० मीटरची, त्यामुळे गन वाजताच मुलं त्याच वेगाने सुटतात. पहिला किलोमीटर बघण्यासारखा असतो, घड्याळवाले काका लोक पार मागे. तिसऱ्या किलोमीटरला चित्र पालटतं. बरगडीखाली कळ, हात कमरेवर, काही जण कडेला बसलेले. आणि मघाचे काका एका लयीत, न बघता, पुढे. त्या मुलांमधला एक, नाइट शिफ्ट करून थेट आलेला, मला म्हणाला की आपल्याला पळायला येतं पण दहा किलोमीटर पळायला कुणी शिकवलंच नाही. त्याचं बरोबर आहे. सहापट अंतर म्हणजे सहापट दम नव्हे, ती वेगळीच कला आहे. अकॅडमीत ती शिकवायला कुणाला वेळ नाही, भरतीत तिला गुण नाहीत.

मग पहिले तीन नंबर कुणाचे येतात? स्थानिकांचे क्वचितच. नाशिक, सातारा, कोल्हापूर, परभणी या बाजूंनी येणारे काही धावपटू आहेत, जे एका रविवारी इथे, पुढच्या रविवारी दीडशे किलोमीटरवर. शनिवारी रात्रीची एसटी, स्टँडवर किंवा मंदिरात झोप, सकाळी शर्यत, दुपारी परत. गावातली पोरं त्यांना ‘बाहेरचे’ म्हणून नाक मुरडतात, आयोजक मग ‘स्थानिक गट’ काढतात. मला मात्र या बाहेरच्यांचा राग येत नाही. पाच-दहा हजारांचं बक्षीस हाच त्यांचा खुराक, बूट आणि पुढच्या तिकिटाचा खर्च. त्यातही त्यांच्याकडे किस्से भरपूर: स्टेजवर पुठ्ठ्याचा मोठा चेक देऊन फोटो काढला, खरा चेक तीन महिने आलाच नाही. हे कुणा एका आयोजकाबद्दल नाही, अनेकांकडून वेगवेगळ्या गावांबद्दल ऐकलं.

बक्षिसासाठी धावणं यात कमीपणा काय आहे? बारामतीच्या लता करे आठवतात का? साठी ओलांडलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते, म्हणून त्या २०१३ मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्या. नऊवारी नेसून, अनवाणी. आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये त्यांचा विशेष उल्लेख झाला. आपण ती गोष्ट ‘इन्स्पायरिंग’ म्हणून स्टोरीला टाकतो. पण एका तपासणीसाठी एका आजीला शर्यत जिंकावी लागते, ही बातमी खरं तर पळण्याची नाहीच.

दुसरा घोळ कागदाचा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेने घेतलेल्या ठरावीक दर्जाच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि क्रीडा विभाग ते तपासून घेतो. रविवारच्या ‘भव्य मॅरेथॉन’चं रंगीत सर्टिफिकेट तिथे चालत नाही. हे कुणी स्टेजवरून सांगत नाही. बारावीतली एक मुलगी, खालापूर तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीतली, अशी नऊ सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून आली होती. भरतीच्या वेळी दाखवायची म्हणून जपलेली. तिला हे मी सांगायचं की नाही, यावर मी पोहे संपेपर्यंत विचार केला आणि मग सांगितलं. तिने फाइल बंद केली आणि विचारलं, मग कुठली चालतात? जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारायचं आणि जिल्हा अॅथलेटिक्स संघटनेच्या निवड चाचणीला जायचं, एवढंच मला सांगता आलं. या चाचणीचा फ्लेक्स कुठल्याच नाक्यावर नसतो.

याच मुलीला त्या दिवशी मुलांच्या दहाऐवजी पाच किलोमीटर धावायला लावलं होतं. ‘मुलींना झेपेल तेवढंच’ असा तो हिशेब. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हती, तेव्हाही कारण साधारण हेच दिलं जायचं. आणि आपल्याच राज्यातली माण तालुक्यातली ललिता बाबर २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. पुढे ती स्टीपलचेसकडे वळली, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या फायनलपर्यंत गेली आणि राज्य सरकारने तिला उपजिल्हाधिकारीपद दिलं. झेपतं की!

अविनाश साबळेची गोष्ट दुसऱ्या बाजूने बघण्यासारखी आहे. बीडमधल्या आष्टी तालुक्यातला मांडवा गावचा मुलगा. बारावीनंतर तो आधी सैन्यात गेला आणि धावपटू म्हणून घडला तो तिथे, सैन्याच्या क्रॉसकंट्रीतून. २०२० च्या दिल्ली हाफ मॅरेथॉनमध्ये ६० मिनिटं ३० सेकंद, राष्ट्रीय विक्रम. २०२४ ला पॅरिसमध्ये स्टीपलचेसच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये. म्हणजे खेळामुळे नोकरी नाही, नोकरीमुळे खेळ. टेम्पोतल्या मुलांपैकी दुसरा साबळे कोण, हे आज भरतीचं मैदान ठरवतं. तिथे पाच-दहा सेकंदांनी हुकलेला मुलगा लांब पल्ल्यात कमाल असू शकतो, पण ते कळणार कसं? त्यासाठी गावातली मॅरेथॉन ही सगळ्यात सोपी जागा होती.

‘होती’ म्हणायचं कारण, त्या दिवशी दहा किलोमीटर हे दहा नव्हतेच. कुणाच्या घड्याळात ९.४, कुणाच्या ९.७. मार्ग बाइकच्या मीटरवर मोजला होता. मोठ्या शर्यतीत सायकलच्या पुढच्या चाकाला एक छोटा काउंटर बसवतात, रस्त्यावरच्या सगळ्यात जवळच्या वळणाने मोजतात आणि अंतर कमी पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम वाढवतात. हौसेवाल्याला तीनशे मीटर कमी पडले तर फरक पडत नाही, उलट पर्सनल बेस्टचा फोटो टाकता येतो. पण ज्याला आपली वेळ एखाद्या कोचला दाखवायची आहे त्याच्यासाठी न मोजलेल्या रस्त्यावरची वेळ म्हणजे नुसता आकडा.

यासाठी फार पैसा लागत नाही. डीजे, फटाके, सेलिब्रिटी पाहुणा आणि फ्लेक्स यांच्यातला एक कापला तरी मोजणी, वेळ लिहायला चार कॉलेजचे व्हॉलंटिअर आणि एक ॲम्ब्युलन्स निघते. शहरातून येणाऱ्यांच्या फीमधून गावच्या मुलांना फुकट प्रवेश आजही दिला जातो, ही चांगली पद्धत आहे. त्याच पैशात निकालाचा तक्ता नाव, वय, वेळ घालून जिल्हा संघटनेला पाठवता येईल. त्या स्पर्धेचा निकाल मी दोन आठवड्यांनी मागितला. पहिल्या तिघांची नावं मिळाली. बाकी दोनशे-सव्वादोनशे जणांची वेळ कुणी लिहूनच घेतली नव्हती.

या सीझनला तुमच्यापैकी बरेच जण अशा स्पर्धेत उतरतील. फी भरायच्या आधी आयोजकांना फोन करून विचारा की मार्ग कशाने मोजलाय, आणि शेवटच्या नंबरापर्यंत वेळ लिहिणार का. कॉलेजच्या एनएसएसमध्ये असाल तर फिनिश लाइनवर वही-पेन घेऊन उभं राहण्याचं काम मागून घ्या. ती ठाकूरवाडीतली मुलगी पाच किलोमीटरमध्ये दुसरी आली. तिची वेळ तिला स्वतःलाच माहीत नाही.