पाणी नको, वाळू आणा!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या चिरंजीवांनी खिशातून वीतभर करड्या फितीचे भेंडोळे काढले. "बाबा, ही मॅग्नेशियमची फीत. शाळेत दाखवली, तशी पणतीवर पेटवू?" सौभाग्यवती लगेच म्हणाल्या, "पेटव, पण थांब, मी बादलीभर पाणी आणते!"

मी दोघांनाही थांबवले.

वाचकहो, फुलबाजीतल्या लोखंडाच्या किसाच्या ठिणग्या सोनेरी पडतात. पण डोळे दिपवणारा पांढराशुभ्र उजेड मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमच्या भुकटीचा. मॅग्नेशियमची ज्योत 3000 अंश सेल्सिअसच्या घरात जाते. तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून पाहणे म्हणजे दृष्टीशी खेळच.

हा धातू जळतो, पण त्याचा हिशेब उलटा. लाकूड जळाले की हलकी राख उरते. येथे मात्र 24 ग्रॅम मॅग्नेशियम हवेतला 16 ग्रॅम प्राणवायू गिळते आणि त्याची राख होते 40 ग्रॅम! थोडे मॅग्नेशियम हवेतल्या नायट्रोजनाशीही संयोग पावते; म्हणून त्या राखेवर पाण्याचे थेंब टाकले, तर अमोनियाचा उग्र दर्प येऊ शकतो.

"मग बादलीचे काय बिघडले?" सौभाग्यवतींनी विचारले.

बिघडते ते असे. तापलेले मॅग्नेशियम प्राणवायूसाठी इतके हपापलेले असते, की ते पाण्यातला प्राणवायूसुद्धा हिसकावून घेते. मोकळा सुटतो हायड्रोजन, आणि तो स्वतःच भडकतो. आग विझवणारा कार्बन डायऑक्साइडही येथे हरतो. त्यातला प्राणवायू मॅग्नेशियम घेते आणि मागे काळा कोळसा टाकते. 11 जून 1955 रोजी फ्रान्समध्ये ल माँ येथे शर्यतीची मोटार प्रेक्षकांत घुसली व ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या गाडीचे बाहेरचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. आगीवर पाणी मारले, तसा जाळ अधिकच भडकला.

थोडेसे मॅग्नेशियम पेटलेच, तर त्यावर पूर्ण कोरडी वाळू टाकावी. ओली मुळीच नको. मात्र कपड्यांनी पेट घेतला, तर पाणीच हवे. विझलेल्या फुलबाज्यांच्या तारांनाही पाण्याची बादलीच बरी.

चिरंजीवांची फीत दुसऱ्या दिवशी मुकाट्याने शाळेत परत गेली. आमच्या अंगणात आता बादलीशेजारी कोरड्या वाळूचे घमेले असते. आपल्याकडे आहे ना?